ख्रिस्ती मराठी लेखक आणि तुलनेचा प्रश्न

भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्यिकांना लाभलेल्या उपाधींकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. तमिळमध्ये 'रक्षण्य यात्रिकम्' (१८९४) हे महाकाव्य लिहिणारे एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७–१९००) 'ख्रिस्ती कंबन' म्हणून ओळखले जातात. मराठीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव तुकारामांपासून वेगळे काढून क्वचितच घेतले जाते आणि 'क्रिस्तपुराणा'ची चर्चा ज्ञानेश्वरीच्या उल्लेखावाचून पुढे सरकत नाही. अशा उपाधी व असे उल्लेख गौरवाच्या हेतूनेच केले जातात, यात शंका नाही. तथापि 'ख्रिस्ती कंबन' या दोन शब्दांत दोन निर्णय एकाच वेळी दिलेले असतात. 'ख्रिस्ती' या शब्दाने कवीला भाषेच्या मुख्य घरातून उचलून शेजारच्या ओसरीवर बसवले जाते, तर 'कंबन' या शब्दाने त्याचे मोजमाप आधीच होऊन गेलेल्या दुसऱ्या एका कवीच्या मापाने केले जाते. त्याचे स्वतःचे असे काय, हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.

ख्रिस्ती मराठी लेखकाच्या वाट्याला आलेली ही तुलना तिहेरी आहे. पहिली तुलना संतवाङ्मयाशी. ओवी किंवा अभंग हाती घेताच ज्ञानेश्वर, एकनाथ व तुकाराम त्याच्यासमोर उभे केले जातात. दुसरी तुलना मिशनरी गद्याशी. एकोणिसाव्या शतकात बायबलच्या व पत्रकांच्या भाषांतरांतून जी एक अवघडलेली मराठी रूढ झाली, तिला लोक 'पाद्री मराठी' म्हणू लागले, आणि ख्रिस्ती लेखकाच्या प्रत्येक वाक्यात ती शोधली जाऊ लागली. तिसरी तुलना समकालीनांशी, कित्येकदा घरातल्याच माणसांशी. या तिन्ही तुलना ओलांडण्यासाठी मराठीतील काही प्रमुख ख्रिस्ती लेखकांनी कोणते मार्ग पत्करले, याचा विचार येथे करावयाचा आहे. तुलना टाळणे किंवा तुलनेत जिंकणे हे ते मार्ग नव्हेत. या लेखकांनी तुलनेचा विषयच बदलला, असे त्यांच्या लेखनावरून दिसते.

प्रारंभ कालक्रमाने थॉमस स्टीफन्सपासून करणे युक्त ठरेल. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टी भागात राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली, तेव्हा आधुनिक अभ्यासकांना हा ग्रंथ पुन्हा उपलब्ध झाला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून 'पहिले पुराण' जुन्या करारावर व 'दुसरे पुराण' ख्रिस्तचरित्रावर आधारलेले आहे.

हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हे विसरून चालत नाही. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ स्थापन झाले होते. नवख्रिस्ती झालेल्या कुटुंबांकडून जुन्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या होत्या. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाचे कान एकाएकी रिकामे झाले होते. ग्रंथाच्या आरंभी श्रोत्यांपैकी एकजण हीच उणीव पाद्रीपुढे मांडतो आणि नव्या धर्माचे असे काही पुराण आम्हांस मिळावे अशी मागणी करतो. म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेशी तुलना ही समीक्षकांनी पुढे लादलेली गोष्ट नसून ती ग्रंथाच्या जन्मातच आहे. हिरावल्या गेलेल्या पोथीच्या जागी ही पोथी आली. वाचकाच्या मनात जुनी पोथी होती आणि नवी तिच्याशी ताडून पाहिली जाणार, हे लेखकाला ठाऊक होते.

या तुलनेला स्टीफन्सने दिलेले उत्तर लक्षणीय आहे. आपला ग्रंथ पूर्वीच्या ग्रंथांहून सरस आहे असा काव्यगुणांचा दावा तो करीत नाही. त्याच्या प्रसिद्ध प्रास्ताविक ओव्यांत स्तुती येते ती मराठी भाषेची. फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी, तारे यांच्यातील श्रेष्ठांच्या उपमा तो तिला देतो. कवीने आपल्याकडची नजर भाषेकडे वळवली. ही रीतही मराठीतूनच आलेली आहे. मराठी भाषेची थोरवी गाऊन ग्रंथारंभ करण्याची प्रथा ज्ञानेश्वरीपासून चालत आली होती आणि एकनाथांनी १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेतही तिचा ठसा आहे. एकनाथांचे निर्याण १५९९ मधील, म्हणजे स्टीफन्स गोव्यात येऊन वीस वर्षे झाल्यावरचे. तेव्हा तो या परंपरेचा उत्तरकालीन अनुकरणकर्ता नसून तिच्या भरतीच्या काळातला समकालीन आहे. त्याने 'दौत्रिना क्रिस्तां' हे धर्मशिक्षणाचे पुस्तक कोंकणीत लिहिले आणि पुराण मात्र मराठीत रचले. घरात बोलण्याची भाषा कोणती व पुराण ऐकण्याची कोणती, हा विवेक त्याच्यापाशी होता. ज्ञानेश्वरीशी 'क्रिस्तपुराणा'ची तुलना करून त्यात तत्त्वचिंतनाची खोली कमी आहे असे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते म्हणणे निरुपयोगी आहे. ज्ञानेश्वरी हे भाष्य आहे, 'क्रिस्तपुराण' हे कथन आहे. त्याचा कस लावायचा तर कथा सांगण्याच्या हातोटीवर, संवादांच्या नाट्यावर आणि परकी स्थळे व नावे ओवीच्या चालीत बसवण्याच्या कौशल्यावर लावला पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या तुलनेचे, म्हणजे 'पाद्री मराठी'च्या संशयाचे, उदाहरण बाबा पदमनजींचे (१८३१–१९०६) होय. बेळगाव येथे जन्मलेल्या व तेथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. यमुना ही तरुण स्त्री पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकते, आणि पुढे स्वतःच वैधव्याला सामोरी जाते. या पुस्तकाभोवतीची चर्चा दीर्घकाळ एकाच प्रश्नाशी अडली: ती मराठीतील पहिली कादंबरी मानावी की नाही? १८६१ च्या 'मुक्तामाले'शी, आणि पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांशी तिला ताडून कुणी तिला अग्रपूजेचा मान दिला, तर कुणी धर्मप्रचाराचे पुस्तक म्हणून तिला कादंबरीच्या पंक्तीतून उठवले. दोन्ही पक्षांनी पुस्तकाला शर्यतीत उभे केले. वास्तविक त्यातील पर्यटनाची चौकट हीच त्याची खरी कमाई आहे. एका घरातील विधवेची करुणकथा सांगण्याऐवजी अनेक गावांतील, अनेक जातींतील अनुभव एका सूत्रात ओवून लेखकाने प्रश्नाची व्याप्ती दाखवली. आपट्यांची मनोविश्लेषक दृष्टी तेथे शोधणे व्यर्थ होय. आणि पाहणीची जी दृष्टी तेथे आहे ती, आपट्यांकडे पाहत राहिल्यास दिसणारच नाही.

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) बाबतीत तुलनेचा प्रश्न सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे. ते ख्रिस्ती होण्यापूर्वीच कवी म्हणून वाढत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी व पूर्वीच्या स्नेह्यांनी त्यांना दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही काही वर्षे ताटातूट झाली. एकीकडे निसर्ग व बालपण यांवरील कविता केशवसुतांच्या (१८६६–१९०५) पिढीतील नव्या कवितेत मोजली जात होती, तर दुसरीकडे भजने व अभंग ख्रिस्ती मंडळीत गायिले जात होते. एकाच कवीचे असे दोन हिशेब झाले. साहित्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख निसर्ग व बालपण यांवरील कवितांसाठी होतो आणि उपासनेच्या पुस्तकांत त्यांचे नाव भजनांखाली येते. पण या दोन वह्या एकत्र उघडण्याचे श्रम फार थोड्यांनी घेतले.

तुकारामांशी तुलना टिळकांनी स्वतःच ओढवून घेतली, असे म्हणता येईल. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार जे. सी. विन्सलो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे सर्वत्र पसरले. या रूपकाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पूल हा ओलांडण्यासाठी असतो. त्याच्याशी कुणी स्पर्धा करीत नाही. तुकाराम हे गाठायचे शिखर मानले असते, तर टिळकांचा प्रत्येक अभंग तोकडा ठरला असता. त्यांनी तुकारामांना वाट मानले आणि वाटेवर चालणे हाच त्यांचा आदर ठरवला. ख्रिस्ताला माउली म्हणून, गुरू म्हणून हाक मारण्याची भाषा त्यांनी वारकरी परंपरेतून निःसंकोच घेतली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करताना आणि कीर्तनातून फिरताना त्यांचा आग्रह एकच होता: इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी मनाची भक्ती भागत नाही. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला, तो याच आग्रहाचा शेवटचा टप्पा होय.

तरीही तुलनेतून एक खरा भेद हाती लागतो आणि तो सांगितलाच पाहिजे. तुकारामांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे. दुष्काळ, दिवाळे व लोकनिंदा सोसलेला माणूस विठ्ठलाला धारेवर धरतो. टिळकांच्या अभंगांत हे भांडण विरळ आहे. त्यांचा स्वर मुख्यतः शरणागतीचा व सख्याचा आहे. हे उणेपण मानावे काय? टिळकांचे भांडण देवाशी नव्हते, ते माणसांशी होते: ज्यांनी वाळीत टाकले त्या आप्तांशी, आणि भारतीय ख्रिस्ती माणसाला परक्या वळणावर नेऊ पाहणाऱ्यांशी. त्या दुहेरी एकाकीपणात देव हाच एक सखा उरला असेल, तर त्याच्याशी कलह न होणे स्वाभाविक आहे. तुलना अशा ठिकाणी उपयोगी पडते. तिने गुण दिले नाहीत, कारण दाखवले.

तरुण कवींबाबतचे टिळकांचे वर्तनही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) म्हणजे बालकवी यांना त्यांनी घरात मुलासारखे ठेवून घेतले. निसर्गकवितेत हा मुलगा आपल्यापुढे जाईल हे ओळखण्याइतकी जाण टिळकांना खासच होती. पुढे तसेच घडले, आणि आज निसर्गकवी म्हटले की बालकवींचे नाव आधी येते. ज्याच्याशी आपली तुलना होणार त्यालाच आश्रय देणे, हा तुलनेवर मात करण्याचा एक मार्ग आहे. तो लेखनात नव्हे, आचरणात दिसतो.

तिसऱ्या, घरातल्या तुलनेचे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांनी (१८६८–१९३६) दिले. नाशिकजवळच्या जलालपूर येथे, सोवळ्याचे अतिरेकी वेड असलेल्या वडिलांच्या घरी त्यांचे बालपण गेले. विवाह १८८० मध्ये झाला. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या मनातील जातिभेद आधी गळून पडला आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतर, १९०० मध्ये झाला. पतीच्या हयातीत त्या कविता करीत होत्या, पण 'टिळकांच्या पत्नी' हीच त्यांची ओळख होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले, त्याचे सुमारे दहा अध्याय रचून ते निवर्तले. लक्ष्मीबाईंनी पुढील चौसष्ट अध्याय लिहून ते पूर्ण केले, आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. अध्यायांच्या संख्येने पाहता ग्रंथ बव्हंशी पत्नीचा आहे; उल्लेख मात्र बहुधा 'पतीचे अपुरे काम पूर्ण केले' असाच होतो.

परंतु त्यांनी तुलना ओलांडली ती या महाकाव्यात नव्हे, तर १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त. 'ख्रिस्तायना'त त्या पतीच्या वृत्तात, पतीच्या योजनेनुसार, पतीच्या विषयावर लिहीत होत्या. तेथे तुलना अटळ होती. 'स्मृतिचित्रां'त त्यांनी जे हाती घेतले ते टिळकांपाशी नव्हतेच: नाशिककडच्या बायकांची बोली, स्वयंपाकघर, माहेर-सासरची माणसे, आणि स्वतःवर हसण्याची वृत्ती. या पुस्तकात टिळक सतत आहेत. त्यांचा विसराळूपणा, राग, हाती येईल ते वाटून टाकणे, घर सोडून निघून जाणे, सारे आहे. तरी त्यात हिशेब चुकता केल्याची भावना नाही आणि स्तुतिपाठही नाही. स्वतःला पतीच्या मापाने मोजणारी स्त्री असे लिहू शकली नसती. एक तर ती कडवट झाली असती, नाही तर ओवाळणी करीत राहिली असती. पतीशी लक्ष्मीबाईंची चढाओढ नाही, म्हणूनच त्यांना टिळक स्पष्ट दिसतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. आज 'स्मृतिचित्रे' टिळकांच्या काव्याहून अधिक वाचली जातात, म्हणून लक्ष्मीबाई श्रेष्ठ व टिळक कनिष्ठ असा उलटा निकाल देण्याचा मोह होतो. तसे करणे म्हणजे त्यांनी ज्या तराजूतून पाऊल बाहेर काढले, त्यातच त्यांना पुन्हा बसवणे होय.

'स्मृतिचित्रां'च्या लोकप्रियतेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. हे पुस्तक 'ख्रिस्ती वाङ्मय' या सदरात सहसा घातले जात नाही. ते मराठी आत्मचरित्राचा मानदंड मानले जाते. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्त (१८२४–१८७३) यांचेही असेच झाले. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीची तुलना मिल्टनशी झाली, पण 'ख्रिस्ती कवी' म्हणून त्याला वेगळे काढले गेले नाही, कारण 'मेघनादवध' (१८६१) रामायणाचा विषय घेऊन उभे आहे. यावरून असे दिसते की 'ख्रिस्ती' हे विशेषण लेखकाच्या श्रद्धेला चिकटत नाही, विषयाला चिकटते. विषय घरगुती किंवा पौराणिक असला की ते गळून पडते. ही सवलत दिसते तितकी उदार नाही. 'स्मृतिचित्रां'चा मध्य एका स्त्रीच्या धर्मांतराचा आहे. तो भाग वगळून केवळ विनोद व घरगुतीपणा यांसाठी पुस्तक वाचणारा वाचक अर्धेच पुस्तक वाचतो.

हा प्रश्न जुना झालेला नाही. वसईचे धर्मगुरू व 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०१९ मध्ये निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावरूनच विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ते संमेलन झाले. त्यांच्या ग्रंथांची चर्चा त्या वादात जवळजवळ झाली नाही. विरोधकांनी विशेषणाकडे पाहिले आणि समर्थकांपैकी अनेकांनीही विशेषणाचाच गौरव केला. 'सुबोध बायबल' लिहिताना 'पाद्री मराठी'च्या शंभर-दीडशे वर्षांच्या ओझ्यातून त्यांनी आपले गद्य कसे सोडवले, हा खरा वाङ्मयीन प्रश्न बाजूलाच राहिला. तुलना ओलांडणे हे लेखकाचे काम असले, तरी वाचक ती पुन्हा पुन्हा उभी करीत असेल, तर लेखकाचे श्रम वाया जातात.

या लेखकांना तुलनेपलीकडे जाण्याचे बळ कोठून मिळाले? एक उगम त्यांच्या धर्मग्रंथात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पेत्र दुसऱ्या शिष्याकडे पाहून त्याचे काय होणार असे विचारतो, तेव्हा ख्रिस्त त्याला त्या चौकशीपासून परावृत्त करून स्वतःच्या वाटेवर चालण्यास सांगतो. पौलानेही आपल्या पत्रांत, एकमेकांना एकमेकांच्या मापाने मोजण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःचे काम पारखावे असे शिकवले आहे. दुसरा उगम मराठीतच आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या अध्यायात, थोर भाष्यकारांच्या मागून आपण का लिहावे या शंकेला उत्तर देताना ज्ञानेश्वर राजहंसाच्या चालीचा दृष्टान्त देतात. त्याची चाल सुंदर म्हणून इतरांनी आपली पावले थांबवण्याचे कारण नाही, असा त्याचा भाव आहे. ज्या कवीशी स्टीफन्सची तुलना केली जाते, त्या कवीनेच तुलनेला हे उत्तर देऊन ठेवले आहे.

तेव्हा अभ्यासकाने तुलना सोडून द्यावी असे नव्हे. भारतीय साहित्याचा अभ्यास तुलनेवाचून होऊच शकत नाही. मात्र तुलना कवींची न करता त्यांच्यापुढील प्रश्नांची करावी. हिरावलेल्या पोथीची जागा भरणे, परक्या ठरवलेल्या श्रद्धेला घरची भाषा देणे, पतीच्या सावलीत राहून स्वतःच्या बोलीत बोलणे, हे प्रश्न स्टीफन्स, टिळक व लक्ष्मीबाई यांचे होते. कृष्ण पिळ्ळै यांच्यापुढे तमिळमध्ये यांतला कोणता प्रश्न होता आणि त्यांनी तो कसा सोडवला, असे विचारले म्हणजे 'ख्रिस्ती कंबन' या उपाधीची गरज उरणार नाही.